तिथी बघा, एसटी पकडा : अलिबाग ते मुरूड, थोडक्या पैशांत

अलिबागला जायचे ठरले की बहुतेक जण आधी राहायची जागा शोधतात. मी म्हणेन, आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघा. त्या दिवशी तिथी कोणती आहे यावर कुलाबा किल्ल्यात पायी जाता येणार की होडीची वाट बघत उन्हात बसावे लागणार, हे ठरते. या किनाऱ्यावर कमी पैशांत फिरायचे तर दोन वेळापत्रके जवळ हवीत, एक समुद्राचे आणि दुसरे एसटीचे. ज्याला ही दोन जमली त्याला बाकीच्या खर्चाची फारशी काळजी करावी लागत नाही.

समुद्राचे वेळापत्रक इथली कोळी-आगरी माणसे तोंडी सांगतात. हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. येईल ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास एक भरती आणि दुपारी साडेतीनच्या आतबाहेर दुसरी. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते, म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊ-सव्वानऊला. शुद्ध पक्ष असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे.

पण नुसती वेळ कळून भागत नाही. पाणी किती मागे जाते हेही बघावे लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे अष्टमीला भर दुपारी ओहोटी असली तरी किल्ल्याच्या वाटेवर गुडघाभर पाणी राहू शकते. माझ्या मते सर्वांत चांगले दिवस म्हणजे द्वितीया ते पंचमी. ओहोटी सकाळी पावणेआठ ते दहाच्या दरम्यान येते, पाणी चांगले उतरलेले असते आणि ऊनही चढलेले नसते. सकाळी निघणे जमत नसेल तर द्वादशी-त्रयोदशी धरा, तेव्हा ओहोटी दुपारी तीन-चारच्या सुमाराला असते. हा हिशेब सहल ठरवण्यापुरता. प्रत्यक्ष पाण्यात पाय टाकण्यापूर्वी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला किंवा होडीवाल्याला विचाराच. ‘आता नको’ असे तो म्हणाला तर जाऊ नका. २०१६च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. हा समुद्र शांत दिसतो, पण वळला की फार वेगाने वळतो.

आता ही सगळी खटपट कशासाठी, ते सांगतो. रोम, लिस्बन, इस्तंबूल पाहून आलेली मराठी कुटुंबे आता गावोगाव आहेत. तिथे ती माणसे फार शहाणपणाने फिरतात. इटलीत सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी मोफत असतात हे आधी शोधून ठेवतात, बस-ट्रामचा पास काढतात, दिवसभर पायी चालतात, एकाच शहरात चार दिवस राहतात. तीच माणसे रायगडच्या किनाऱ्यावर आली की दारापासून दारापर्यंत भाड्याची गाडी, शनिवार-रविवारचे रिसॉर्ट आणि किनाऱ्यावरच्या वाळूत दोन तास एवढ्यावर परत जातात. पैसे तिथल्याइतकेच जातात आणि पाहून होत नाही काहीच. लिस्बनला बेलेमच्या मनोऱ्यापुढे रांगेत उभे राहून तिकीट काढणाऱ्याला रेवदंड्याच्या माडांमधला, त्याच दर्यावर्दी राजवटीने उभा केलेला मनोरा ठाऊक नसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. अलिबागपासून मुरूडपर्यंतची ही पट्टी म्हणजे एक लांबलचक जुने शहरच आहे. पास, पायपीट, मुक्काम आणि विचारपूस हे परदेशात वापरलेले सगळे शहाणपण इथे जसेच्या तसे चालते.

अलिबाग : अर्ध्या दिवसाची पायपीट

अलिबागच्या एसटी स्टँडवर उतरलात की रिक्षा करू नका. बघण्यासारखे जवळजवळ सगळे चालण्याच्या अंतरात आहे. ओहोटीची वेळ मध्ये ठेवून बाकीचे तिच्या अलीकडे-पलीकडे बसवा.

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटरवर. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ठाणे बनला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन याच्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे इथे नाममात्र तिकीट आहे, १५ वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. ओहोटी पुरी होण्याच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी वळायच्या आत परत या. चपला हातात घेऊन चालू नका, कालव-शिंपल्यांच्या धारेने पाय कापतात. जुने सँडल घाला.

आत गेल्यावर तटाच्या दगडांकडे नीट बघा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत, म्हणून लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर, गोड्या पाण्याची पुष्करणी आणि उत्तरेच्या तटावरच्या चाकांच्या दोन तोफा चुकवू नका. तोफांवर १८४९ हे साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कारखान्याचे नाव ओतलेले आहे. मुलांना ते अक्षर अक्षर लावून वाचू द्या. आंग्र्यांचा काळ संपल्यावर इंग्रजांनी हा किल्ला कसा वापरला हे त्यांना त्यातून समजेल.

गावात परतल्यावर कान्होजींची समाधी. ४ जुलै १७२९ रोजी ते गेले. जवळच त्यांनी १७२०मध्ये बांधलेला हिराकोट आहे. आत तुरुंग असल्यामुळे तो बाहेरूनच बघायचा, पण त्या प्रचंड काळ्या शिळा रस्त्यावरूनही दिसतात. मग इस्रायल आळीत जा. बेने इस्रायल समाजाचे मागेन अबोथ हे सिनेगॉग तिथे आहे. ते १८४८चे, आताची इमारत १९१०ची. शनिवारी त्यांचा शब्बाथ असतो, त्या दिवशी जाऊ नका. इतर दिवशी राखणदाराला विचारून, डोके झाकून आत जाता येते. या समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. तिथे त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. घरात मराठी बोलणारा हा समाज आता बहुतांशी इस्रायलमध्ये आहे, आणि तिथून नातवंडांना घेऊन येणारी कुटुंबे याच आळीत आपले घर शोधत फिरतात.

विज्ञानाची आवड असेल तर चुंबकीय वेधशाळेची वास्तू लक्षात ठेवा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यामुळे कुलाब्यातल्या वेधशाळेच्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली काम इथे हलवले गेले आणि इमारत लोखंड टाळून बांधली गेली. आत जायला परवानगी लागते. शाळेचा किंवा मंडळाचा गट असेल तर आधी पत्र पाठवून ठेवा.

चौल-रेवदंडा : इथे मुक्काम करा

राहायला अलिबाग घेऊ नका. नागाव, चौल, रेवदंडा या गावांत नारळी-पोफळीच्या वाड्यांत घरगुती राहण्याची सोय असते, आणि दर अलिबागच्या हॉटेलांपेक्षा पुष्कळ कमी. सोमवार ते गुरुवार आलात तर आणखी कमी. शनिवारी ज्या खोलीचा भाव ऐकून माणूस परत फिरतो तीच खोली मंगळवारी परवडते. सुट्टी घेणे शक्य असेल तर पैशांच्या बाबतीत याहून मोठी युक्ती या किनाऱ्यावर नाही. नोकरी संपलेल्या वाचकांनी तर शनिवार-रविवारकडे वळूच नये.

अलिबागहून रेवदंड्याला एसटी आहेच, शिवाय मिनिडोअर रिक्षा चालतात. माणशी सीट भरली की सुटतात, हात दाखवाल तिथे थांबतात. वाटेत अक्षीला उतरा. तिथला शिलालेख शके ९३४चा, म्हणजे इ.स. १०१२चा, असे वाचन शं. गो. तुळपुळे यांनी केले आहे. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातल्या या दगडावर मराठी वाक्ये कोरली आहेत. वर चंद्र-सूर्य आहेत. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. तो बघायला तिकीट नाही, रांग नाही, फलकाकडे बोट दाखवणारा माणूसही बहुधा नसतो. गावात विचारा, लोक आवर्जून सांगतात. हजार वर्षांपूर्वी कोणी तरी आपल्या भाषेत लिहून ठेवलेला मजकूर आपण दोन फुटांवरून बघतो आहोत, या एका गोष्टीसाठी अलिबागपर्यंत यावे असे मला वाटते.

मग चौल. इथे घाई करणाऱ्याला काही दिसत नाही, कारण शहर जमिनीवर फारसे उरलेले नाही. ते वाड्यांत, तळ्यांत आणि देवळांत विखुरले आहे. पण ते होते. ग्रीक खलाशांच्या नोंदींत ते आहे, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या गावांत ते आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी अल-मसूदी इथे आला तेव्हा इथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान व्यापारी आणि त्यांचे वंशज राहत होते, असे त्याने लिहून ठेवले. १५व्या शतकात, १४६९च्या सुमारास, त्वेर शहराचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन होर्मुझहून एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. त्याच्याजवळ पैसे फार नव्हते. घोडा विकून नफा करायचा एवढाच त्याचा बेत होता. चौलहून तो पाली, जुन्नर करीत घाट चढून बीदरला गेला आणि वाटेत पाहिलेले कपडे, जेवण, पाऊस, बाजारभाव सगळे लिहीत गेला. वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याआधीची ही गोष्ट. थोड्या पैशांत परका मुलूख कसा पाहावा हे शिकायचे असेल तर या माणसाकडून शिकावे. तो लोकांत राहिला, लोकांचे खाल्ले, आणि जे कळले नाही ते विचारले. रेवदंड्यात शाळेच्या आवारात २००२ साली त्याचे स्मारक उभे राहिले. शाळेची वेळ सांभाळून, परवानगी घेऊन बघता येते.

चौलमध्ये ३६० देवळे आणि ३६० तळी होती असे गावातले लोक सांगतात. आकडा मोजत बसू नका, पण सकाळी दोन-तीन तास चालत फिरा. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाताना या शहराची रचना पायांना कळते. रामेश्वराच्या देवळापासून सुरुवात करावी. समोर पुष्करणी आहे, आणि मंडपातल्या फरसबंदीखाली पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड झाकलेली आहेत. पाऊस ओढ देईल तेव्हा पर्जन्यकुंड उघडायची इथली रीत. तिथून शितळादेवी, मग टेकडीवरची हिंगळजा देवी आणि जवळची लेणी, आणि पलीकडच्या टेकडीवर दत्त. दत्ताच्या पायऱ्या सातशेच्या आसपास आहेत. गुडघे दुखत असतील तर वर न जाता खालूनच हात जोडावेत. दत्तजयंतीला इथे पाच दिवसांची मोठी जत्रा भरते. जत्रेत यायचे असेल तर मुक्कामाची सोय फार आधी करा. शांतपणे देवळे बघायची असतील तर तो आठवडा टाळा.

रेवदंडा चौलच्या टोकाला. १५०८ साली इथल्या खाडीच्या तोंडाशी इजिप्तहून आलेल्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीजांना गाठले, आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्या लढाईत मारला गेला. १५२१पासून पोर्तुगीजांनी इथे तट बांधायला सुरुवात केली, आणि वसई पडल्यानंतर, १७४०मध्ये, त्यांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केली. मुरूडला जाणारा रस्ता आजही या किल्ल्याच्या तटातून आत शिरतो आणि पलीकडच्या तटातून बाहेर पडतो. गाडीत बसलेल्याला दोन सेकंदांत एक भिंत मागे गेलेली दिसते. तुम्ही रेवदंड्याच्या थांब्यावर उतरा, तटाच्या आत वळा आणि वाड्यांमधल्या वाटेने चालू लागा. माडांच्या रांगांत चर्चच्या ओसाड भिंती उभ्या आहेत, पाठीमागून समुद्राचा आवाज येतो, आणि मध्येच सातखणी उभी राहते. एकेकाळी सात मजले असलेल्या या मनोऱ्याचे चारेक मजले आता उरले आहेत. पायथ्याशी तोफा पडल्या आहेत. या वाड्या खाजगी आहेत. फाटक बंद असेल तर हाक मारा, “जरा किल्ला बघायचा होता” म्हणा; नारळ उतरवणारा माणूस काम थांबवून वाट दाखवतो. पोफळीच्या रोपांवरून चालू नका आणि खाली पडलेली सुपारी उचलू नका, ते त्या घराचे उत्पन्न आहे.

इथल्या बेथ एल सिनेगॉगची स्थापना १८४२ची. एकाच गावात पोर्तुगीज तट, ज्यू प्रार्थनामंदिर, मशीद आणि देवळे अर्ध्या तासाच्या चालण्यात येतात. असे गाव परदेशात असते तर त्याचा नकाशा छापून विकला गेला असता. इथे तो नकाशा आपणच करायचा. मुलांना वही-पेन्सिल द्या आणि फिरता फिरता काढायला लावा.

कोर्लई

रेवदंड्याच्या खाडीवर पूल आहे. पलीकडे साळाव, आणि तिथून पाच-सहा किलोमीटरवर कोर्लई. मुरूडची एसटी घ्या आणि कोर्लईच्या फाट्यावर उतरा. समुद्रात घुसलेल्या लांब डोंगराच्या पाठीवर किल्ला आहे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. चढ फार नाही पण सावली अजिबात नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा साडेचारनंतर. पाणी खालूनच घेऊन जा. पायथ्याला दीपगृह आहे, ठरलेल्या वेळेत थोडक्या शुल्कात आतून बघू देतात. ती वेळ आधी विचारून घ्या आणि किल्ला तिच्याभोवती बसवा.

खालच्या वस्तीत पोर्तुगीजांच्या काळापासून चालत आलेली एक बोली अजून घराघरांत बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, आणि ते हजाराच्या आतबाहेरच असावेत. अभ्यासक जगभरातून इथे येतात. तुम्हीही जा, चर्चपाशी नमस्कार करा, कोणी बोलले तर बोला. पण कॅमेरा समोर धरून ‘जरा तुमच्या भाषेत काही बोला ना’ असे कुणाला म्हणू नका. ते लोकांचे घर आहे.

मुरूड आणि जंजिरा

जंजिऱ्याला पैसे होडीला पडतात, आणि तिथे काटकसर करू नये. राजपुरीहून शिडाच्या होड्या सुटतात. होडी भरेपर्यंत थांबावे लागते, पण माणशी दर कमी असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळच्या पहिल्या होडीने जा. किल्ल्याच्या दारात होडीतून पायरीवर पाय टाकण्याचा क्षण अवघड असतो. होडी हलत असते, हात देणारा माणूस असतो, तरीही तोल सांभाळता न येणाऱ्या वृद्धांनी आणि लहान बाळ कडेवर असलेल्यांनी विचार करूनच जावे. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला होड्या काही वेळ बंद असतात, आणि पावसाळ्यात बंदच.

आत साधारण पाऊण तास मिळतो. या वेळात सगळे बघणे शक्य नाही, म्हणून ठरवून जा. दरवाजाच्या भिंतीवरचे हत्तींना पंजांत धरलेल्या श्वापदाचे शिल्प, कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा मोठा तलाव, आणि वेळ उरला तर मागच्या बाजूचा समुद्राकडे उघडणारा दरवाजा. होडीतला वाटाड्या सांगतो ते ऐका, त्याला त्याचे पैसे द्या, पण त्यातला इतिहास घरी जाऊन तपासा. पक्के आहे ते एवढे: शिवाजी महाराजांनी जंजिरा घ्यायचे प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी १६८२मध्ये किनाऱ्यापासून भर टाकून समुद्रातच वाट बांधायला घेतली, आणि तरीही सिद्दींनी हा किल्ला १९४८पर्यंत सोडला नाही. शिवाजी महाराजांनी याच्यावर नजर ठेवायला उभा केलेला पद्मदुर्ग मुरूडच्या किनाऱ्यावरून दिसतो. तिथे जायला पूर्ण होडी ठरवावी लागते. दहा-बारा जण एकत्र आलात तरच ते परवडते.

जंजिऱ्याहून परतलेल्या शंभरातल्या पाचांनाही खोकरीचे घुमट ठाऊक नसतात. राजपुरीजवळ सिद्दी सरदारांच्या तीन भव्य दगडी कबरी आहेत. जाळीचे नाजूक काम, कमानी, चौथरा. गर्दी नाही, तिकीट नाही. होडीची रांग मोठी असेल तर आधी तिकडे चालत जाऊन या.

खांदेरीबद्दल दोन शब्द. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यांत अलिबागच्या उत्तरेची ही खांदेरी आहे. १६७९मध्ये इंग्रज आणि सिद्दी यांच्या डोळ्यांदेखत शिवाजी महाराजांनी ती बांधायला घेतली. बेटावर वेताळाचे ठाणे आहे, १८६७चे दीपगृह आहे. होडी थळहून मिळते. पण इथेही होडी अख्खी ठरवावी लागते, आणि हवा बघून नावाडी हो-नाही म्हणतो. गट जमवूनच जा.

खाणे, भाडे, वाट

जेवायला रस्त्यावरच्या झगमगीत हॉटेलांपेक्षा गावातली खाणावळ किंवा जिथे उतरलात तिथले घर. सकाळीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी बाजारात स्वस्त आलेली मासळी ताटात येते. ‘पापलेटच हवे’ म्हटले की बिल दुप्पट होते. बांगडा, मांदेली, बोंबील यांची चव कुठे कमी आहे! शाकाहारी असाल तर वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी मागा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी म्हणून मिळणारी मासळी बहुधा बर्फातली. थंडीत आलात तर शेतात लागणाऱ्या पोपटीचा सुगावा घ्या. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून मडक्याभोवती जाळ पेटवतात. शेतकऱ्याला आधी सांगून ठेवले तर दहा जणांत खर्च अगदी थोडा येतो. परतताना अलिबागचा पांढरा कांदा थेट शेतकऱ्याकडून, माळ बांधलेला घ्या.

एसटीत महिलांना निम्मे भाडे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे, आणि ७५च्या पुढे भाडेच नाही. ओळखपत्र बरोबर ठेवा. चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पासही मिळतो, पण फक्त अलिबाग-मुरूड एवढेच फिरणार असाल तर तो वसूल होत नाही. पुढे रत्नागिरीकडे उतरणार असाल तरच काढा.

मुंबईहून गेटवे-मांडवा लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस असते, पण या लाँच पावसाळ्यात बंद राहतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणारी मोठी रो-रो बोट चालू असते. यापेक्षाही स्वस्त वाट मला फार आवडते. जानेवारी २०२४पासून लोकल उरणपर्यंत जाते. उरणहून करंजाला जा, तिथून तरीने खाडी ओलांडून रेवसला, आणि रेवसहून एसटीने अलिबाग. बसून राहण्याची सवय असलेल्यांना चढउतार जास्त वाटेल, पण वडखळच्या वाहतूककोंडीत दोन तास गाडीत कोंडून घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. सामान पाठीवर मावेल एवढेच घ्या, चाकांची बॅग इथे कामाची नाही. होडी, मिनिडोअर आणि खाणावळ यांच्यासाठी सुट्टे पैसे ठेवा. मोबाइलवरून पैसे पाठवायला गेलात आणि रेंज नसेल तर दोघांचीही अडचण होते.

मुरूडहून आलेल्या वाटेनेच परत फिरायला हवे असे नाही. आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट आहे. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याहून वेसवीला दुसरी फेरीबोट धरली की तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात. दिघीच्या पुढे मात्र गाड्या कमी होतात. उतरल्या उतरल्या कंडक्टरला शेवटच्या गाडीची वेळ विचारा, आणि ती सुटायच्या निदान अर्धा तास आधी थांब्यावर या.